समुद्राची रोजकीर्द

१ डिसेंबर २००५ रोजी ‘नेचर’ या विख्यात ब्रिटिश विज्ञान-साप्ताहिकात हॅरी ब्रायडन, हॅना लाँगवर्थ आणि स्टुअर्ट कनिंगहॅम या तीन सागरशास्त्रज्ञांचा एक छोटेखानी निबंध प्रसिद्ध झाला. अटलांटिक महासागरात उबदार पाणी पृष्ठभागाजवळून उत्तरेकडे जाते, तेथे थंड होऊन खाली बुडते आणि खोलातून पुन्हा दक्षिणेकडे परतते. हे विराट अभिसरण १९५७ ते २००४ या काळात सुमारे ३० टक्क्यांनी मंदावले आहे, असा या निबंधाचा निष्कर्ष होता. पश्चिम युरोपचा हिवाळा त्याच अक्षांशांवरील कॅनडाच्या हिवाळ्याहून पुष्कळच सौम्य असतो. त्यात या अभिसरणाने वाहून आणलेल्या उष्णतेचाही वाटा आहे. साहजिकच जगभरच्या वृत्तपत्रांनी ही वार्ता ठळकपणे छापली आणि युरोप आता गोठणार की काय, या चर्चेला ऊत आला.

प्रस्तुत लेखक त्या वेळी अध्यापनाच्या पेशात नुकताच आला होता. कालश्रेणी आणि दीर्घकालीन प्रवृत्ती हा पाठ वर्गात चालू होता. निबंधातील पाच वर्षांचे पाच आकडे मी फळ्यावर लिहिले, त्यांतून एक उतरती रेषा ओढली आणि दीर्घकालीन प्रवृत्ती म्हणतात ती हीच, असे मोठ्या उत्साहाने सांगितले. मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने प्रश्न केला, “सर, ही पाचही मोजमापं एकाच महिन्यातली आहेत का?” तिच्या घरी कांद्याचा व्यापार होता. ती पुढे म्हणाली, “ऑक्टोबरातला कांद्याचा भाव आणि एप्रिलमधला भाव शेजारी शेजारी ठेवला, तर भाव कोसळला असंच दिसतं.” एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञांनी या गोष्टीचा विचार केलाच असेल, असे उत्तर देऊन मी पुढे गेलो.

ते उत्तर एका शिक्षकाला शोभणारे नव्हते. प्रश्न अगदी नेमका होता, आणि पुढील पाच वर्षांत खुद्द त्याच शास्त्रज्ञांनी त्याचे जे उत्तर शोधून काढले, ते त्या मुलीच्या बाजूचे निघाले. त्या उत्तराची हकीकत येथे मांडावयाची आहे. ती केवळ समुद्राची हकीकत नाही. आकड्यांवरून भविष्य वाचू पाहणाऱ्या आपणा सर्वांची आहे.

खोल समुद्रातील गारवा

समुद्राच्या पोटात असे काही अभिसरण असावे, याचा पहिला पुरावा मोठ्या विचित्र मार्गाने हाती आला. १७५१ साली गुलामांची वाहतूक करणाऱ्या एका इंग्रज जहाजाचा कप्तान हेन्री एलिस याने आफ्रिकेच्या पश्चिमेस, सुमारे २५ अंश उत्तर अक्षांशावर, झडपा असलेली एक बादली दोरीने खोल सोडली. वरची हवा ८४ अंश फॅरनहाइट असताना ३,९०० फुटांखालचे पाणी ५३ अंशांवर वर आले. एलिसला त्याचा उपयोग झाला तो मद्य गार करण्यासाठी आणि थंड पाण्याने स्नान करण्यासाठी. परंतु उष्ण कटिबंधातील समुद्राच्या खाली एवढे थंड पाणी आले कोठून, हा प्रश्न शिल्लक राहिला. अठराव्या शतकाच्या अखेरीस काउंट रम्फर्ड याने त्याचे उत्तर दिले. हे पाणी ध्रुवांकडूनच येत असले पाहिजे. आणि तळाने ते इकडे येत असेल, तर पृष्ठभागावरून तेवढेच पाणी तिकडे जात असले पाहिजे.

आजच्या माहितीप्रमाणे चित्र असे आहे. ग्रीनलंड आणि नॉर्वे यांच्या दरम्यानच्या समुद्रांत आणि लॅब्राडोरच्या समुद्रात खारट पाणी हिवाळ्यातील वाऱ्यांना आपली उष्णता देऊन थंड होते, जड होते आणि बुडते. ते खोलातून दक्षिणेकडे सरकत राहते आणि त्याची जागा घेण्यासाठी दक्षिणेचे उबदार पाणी वर जाते. हे अभिसरण मोजण्यासाठी सागरशास्त्रज्ञ ‘स्वेर्द्रुप’ हे परिमाण वापरतात. एक स्वेर्द्रुप म्हणजे दर सेकंदाला दहा लाख घनमीटर पाणी. जगातील सर्व नद्या मिळून समुद्रात जेवढे पाणी ओततात, ते एका स्वेर्द्रुपाच्या थोडेसेच वर भरते. अटलांटिकमधील हे अभिसरण सरासरीने सतरा स्वेर्द्रुप इतके आहे.

ही सारी व्यवस्था पाण्याच्या जडपणावर, म्हणजेच घनतेवर, उभी आहे. थंडीने पाणी जड होते, मिठानेही जड होते. उष्णतेने हलके होते आणि गोड्या पाण्याच्या मिश्रणानेही हलके होते. १९६१ साली अमेरिकन शास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल याने दोन पात्रांच्या एका साध्या गणिती प्रतिमानाने दाखवून दिले की, तापमान आणि क्षारता यांच्या या ओढाताणीतून अभिसरणाच्या दोन स्थिर अवस्था संभवतात आणि एकीतून दुसरीत जाणे हळूहळू न होता एकाएकी होऊ शकते. ग्रीनलंडचे बर्फ वितळून उत्तर अटलांटिकमध्ये गोडे पाणी मिसळत असताना या प्रश्नाकडे केवळ विद्वानांचा विरंगुळा म्हणून पाहता येत नाही, याचे कारण हेच.

वजनावरून वेगाचा हिशेब

आता सहा हजार किलोमीटर रुंद आणि पाच-सहा किलोमीटर खोल अशा महासागरातून पाणी किती वाहते, हे मोजावयाचे कसे? सर्वत्र वेगमापक टांगून ठेवणे अशक्य आहे. येथे सागरशास्त्राने एक मोठी कल्पक युक्ती योजली. नॉर्वेमधील बर्गेन येथे सँडस्ट्रम आणि हेलंड-हॅन्सेन यांनी १९०३ साली तिची रीतसर मांडणी केली.

समुद्रातील कोणत्याही खोलीवर जो दाब असतो, तो त्याच्या डोक्यावरील पाण्याच्या वजनाचा असतो. समुद्राच्या पूर्व काठावरील आणि पश्चिम काठावरील पाण्याची घनता वेगळी असेल, तर त्याच खोलीवरचे दाबही वेगळे असतात. दोन बाजारपेठांतील धान्याच्या भावात तफावत असली की मधल्या रस्त्यावरून माल वाहू लागतो, तसे दाबातील तफावतीने पाणी वाहू लागते. फरक एवढाच की माल स्वस्ताईकडून महागाईकडे सरळ जातो. पाण्याला मात्र पृथ्वीचे परिवलन सरळ जाऊ देत नाही. उत्तर गोलार्धात ते वाहत्या पाण्याला सतत उजवीकडे लोटत असते. दाब आणि ही ढकल यांचा समतोल झाला म्हणजे पाणी जास्त दाबाची बाजू उजव्या हाताला ठेवून आडवे वाहू लागते. त्यामुळे पूर्व-पश्चिम दाबातील फरक समजला की उत्तर-दक्षिण प्रवाह समजतो. आणि गंमत अशी की दोन टोकांमधील एकूण प्रवाह काढण्यासाठी मधल्या हजारो किलोमीटरांची माहिती लागतच नाही. दोन टोकांवरील पाण्याच्या स्तंभांची वजने पुरेशी असतात.

अर्थात या युक्तीला एक उणीव आहे. घनतेवरून एका थराचा वेग दुसऱ्या थराहून किती अधिक वा उणा, एवढेच कळते. प्रत्यक्ष वेग कळत नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही अडचण परिचित आहे. किंमतींचा निर्देशांक पायाभूत वर्षाच्या तुलनेतच बोलतो. पायाभूत वर्षच चुकीचे निवडले तर पुढची सारी गणिते बिघडतात. सागरशास्त्रज्ञ ही उणीव जमाखर्चाच्या नियमाने भरून काढतात. जेवढे पाणी उत्तरेस गेले, जवळपास तेवढेच दक्षिणेस आलेही पाहिजे. अन्यथा उत्तर अटलांटिक एक तर भरून वाहू लागेल किंवा आटून जाईल.

दुसरी अडचण अचूकतेची. एक घनमीटर समुद्रजलाचे वजन पृष्ठभागाजवळ सुमारे १,०२५ किलो भरते. ढोबळ हिशेब केला तर असे दिसते की एका किलोमीटर उंचीच्या स्तंभात दर घनमीटरामागे केवळ दहा ग्रॅमचा फरक पडला, तरी त्या थरातील प्रवाहात एका स्वेर्द्रुपाच्या जवळपास फरक पडतो. म्हणजे लाखात एक एवढ्या वजनाची चूक झाली, तर जगातील सर्व नद्यांच्या पाण्याएवढी चूक उत्तरात येऊ शकते. पूर्वीचे संशोधक ठराविक खोलीवर पितळी बाटल्या पाठवून पाण्याचे नमुने वर आणत, उलटणाऱ्या तापमापकावर तेथील तापमान टिपून घेत आणि क्षारता प्रयोगशाळेत काढीत. डोलणाऱ्या जहाजावर, रात्रंदिवस, हे काम सोन्याच्या काट्याने तोलावे तशा काळजीने चाले. १९५७ च्या नोंदी आज आपल्या कामी येतात, त्या या निनावी काळजीमुळे.

पाच नोंदी

ब्रायडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाती अशी किती मोजमापे होती? पाच. आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने १९५७ साली ‘डिस्कव्हरी-२’ या ब्रिटिश जहाजाने आफ्रिका ते बहामा बेटे असा अटलांटिक आडवा ओलांडून त्या रेषेवरील पाण्याची घनता मोजली होती. तशीच सफर १९८१, १९९२, १९९८ आणि २००४ साली पुन्हा झाली. त्यांवरून काढलेले अभिसरणाचे आकडे असे : २२.९, १८.७, १९.४, १६.१ आणि १४.८ स्वेर्द्रुप. यांतून उतरती रेषा ओढण्याचा मोह कोणालाही व्हावा असेच हे आकडे आहेत. प्रत्येक आकड्यात सहा स्वेर्द्रुपांपर्यंत कमीअधिक होऊ शकते, हेही लेखकांनी प्रामाणिकपणे नमूद केले होते. परंतु वृत्तपत्रांच्या मथळ्यांत अशा ‘कमीअधिक’ला जागा नसते. माझ्या फळ्यावरही ती नव्हती.

आता सफरींचे महिने पाहा. १९५७ ची सफर ऑक्टोबरातील होती, १९८१ ची ऑगस्ट-सप्टेंबरातील, १९९२ ची जुलै-ऑगस्टमधील, १९९८ ची जानेवारी-फेब्रुवारीतील आणि २००४ ची एप्रिलमधील. समुद्राच्या या अभिसरणालाही हंगाम असतो की काय, आणि असल्यास तो केवढा, हे २००५ साली कोणालाही ठाऊक नव्हते. पाच नोंदींतून ते कळणे शक्यच नव्हते.

रोजच्या नोंदीने काय दाखविले

सुदैवाने त्याच सुमारास एक वेगळा उद्योग सुरू झाला होता. २००४ च्या वसंतात ब्रिटिश आणि अमेरिकन संस्थांनी मिळून २६.५ अंश उत्तर अक्षांशावर, बहामा बेटांपासून मोरोक्कोच्या किनाऱ्यापर्यंत, समुद्रतळाला नांगरलेल्या उभ्या तारांची एक मालिका उभारली. ‘रॅपिड’ या नावाने ती ओळखली जाते. या तारांवर निरनिराळ्या खोलींवर बांधलेली उपकरणे तापमान, क्षारता आणि दाब यांची नोंद सतत घेत राहतात; ठराविक काळाने जहाज जाऊन त्या नोंदी आणते. फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीतून जाणारा प्रवाह समुद्रतळावरील जुन्या टेलिफोन केबलमध्ये निर्माण होणाऱ्या विद्युत्दाबावरून मोजला जातो, कारण खारट पाणी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहताना असा दाब निर्माण करते. वाऱ्याने ढकललेल्या वरच्या थराचा हिशेब वाऱ्याच्या नोंदींवरून होतो. ढोबळमानाने फ्लोरिडाचे बत्तीस आणि वाऱ्याचे साडेतीन स्वेर्द्रुप उत्तरेच्या खाती जमा होतात, मधल्या महासागराच्या वरच्या थरातून अठरा स्वेर्द्रुप दक्षिणेस परत येतात, आणि बाकी राहते ती सतरा-साडेसतरा. हा आकडा रोजच्या रोज निघू लागला.

पहिल्या वर्षाचा हिशेब २००७ च्या ऑगस्टमध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. वर्षाची सरासरी १८.७ स्वेर्द्रुप होती. परंतु त्या एकाच वर्षात अभिसरण कधी ४ पर्यंत उतरले होते, तर कधी जवळजवळ ३५ पर्यंत चढले होते! अर्धशतकातील घसरण म्हणून जे पाच आकडे मांडले गेले होते, ते सर्वच्या सर्व एका वर्षाच्या चढउतारात सहज सामावत होते. पुढे २०१० साली चार वर्षांच्या नोंदींवरून ऋतुचक्रही स्पष्ट झाले. हे अभिसरण शरद ऋतूत सर्वांत प्रबळ आणि वसंतात सर्वांत क्षीण असते आणि दोहोंतील अंतर सुमारे ६.७ स्वेर्द्रुप आहे. त्याचे कारणही सापडले. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील वारे ऋतूप्रमाणे बदलतात आणि त्यांच्यामुळे तेथील पाण्याच्या स्तंभाचे वजन बदलते. पहिली सफर ऑक्टोबरातील आणि शेवटची एप्रिलमधील! हंगाम वजा केल्यावर त्या तीस टक्क्यांचा बराचसा भाग नाहीसा झाला. कांद्याच्या व्यापाऱ्याच्या मुलीला जे दिसले होते, ते हेच.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदविली पाहिजे. २००७ आणि २०१० या दोन्ही निबंधांच्या लेखकांत ब्रायडन आणि कनिंगहॅम ही नावे आहेत. ज्यांनी घसरणीचा निष्कर्ष काढला, त्यांनीच तो तपासून पाहण्याचे साधन उभारले आणि उत्तर आपल्याविरुद्ध गेले तेव्हा तेही प्रसिद्ध केले. आमच्या अर्थशास्त्रात असा प्रामाणिकपणा फार वेळा आढळतो, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

मागील वर्षांची खतावणी

मग अभिसरण मंदावतच नाही, असे समजावयाचे काय? तसेही नाही. हंगामाची चूक उघडकीस आली म्हणून धोका संपला, असे म्हणणे ही पहिल्या चुकीइतकीच घाईची दुसरी चूक होईल. २००९-१० मध्ये रॅपिडच्याच नोंदींत सुमारे वर्षभर अभिसरण तीस टक्क्यांनी घटलेले दिसले आणि त्याच काळात न्यूयॉर्कच्या उत्तरेकडील अमेरिकन किनाऱ्यावर समुद्राची पातळी तात्पुरती सुमारे तेरा सेंटिमीटरनी वाढली. त्यानंतर अभिसरण पूर्वीच्या पातळीवर पूर्णपणे आलेले दिसेना.

प्रश्न असा की २००४ पूर्वी काय घडत होते? त्यासाठी संशोधकांनी रोजच्या नोंदींचा उपयोग करून जुन्या नोंदींना बोलते केले. काठावरील पाण्याची घनता आणि एकूण अभिसरण यांचे नाते रॅपिडच्या वर्षांत कसे आहे, हे आधी ठरवावयाचे. मग जुन्या सफरींत मोजलेली घनता त्या नात्यात घालून त्या वर्षांचे अभिसरण काढावयाचे. २०२१ साली अशा पद्धतीने १९८१ ते २०१६ या काळाची मालिका तयार करण्यात आली. केवळ वरच्या थराचे तापमान न घेता खोल थरांतील बदलही तीत धरले होते. २००८ ते २०१२ हा काळ १९८० च्या दशकाच्या मध्यानंतरचा सर्वांत क्षीण ठरला. परंतु संपूर्ण काळात सतत घसरण अशी आढळली नाही. मंदीचे एक आवर्तन आणि दीर्घकालीन अधोगती यांतील फरक अर्थशास्त्राच्या वाचकांना सांगावयास नको.

इतर मार्गांनी निघालेली उत्तरे मात्र वेगळी आहेत. ग्रीनलंडच्या दक्षिणेस समुद्राचा एक पट्टा, सारे जग तापत असताना, थंड होत गेला आहे. उष्णता कमी पोचत असल्याचे हे चिन्ह मानून २०१८ साली काही संशोधकांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून सुमारे पंधरा टक्के घट झाल्याचा अंदाज दिला. २०२५ साली दुसऱ्या एका अभ्यासाने समुद्र आणि हवा यांच्यातील उष्णतेच्या देवघेवीवरून हिशेब करून गेल्या साठ वर्षांत घट नाही, असे म्हटले. २०२३ साली डेन्मार्कमधील दोन संशोधकांनी तर हे अभिसरण याच शतकात, बहुधा मध्याच्या सुमारास, कोसळेल असे भाकीत केले. त्यांची सारी मदार पृष्ठभागाच्या तापमानावर असल्याने इतर तज्ज्ञांनी त्यावर आक्षेप घेतले. आंतरशासकीय हवामान समितीच्या २०२१ च्या अहवालाचे मत अधिक तोलून दिलेले आहे : या शतकात अभिसरण क्षीण होण्याची शक्यता फार मोठी आहे, २१०० पूर्वी ते एकाएकी कोसळणार नाही असे वाटते, पण हा विश्वास मध्यम प्रतीचा आहे.

मोजमापाच्या साधनाचीही वेळोवेळी झडती घ्यावी लागते, याचा एक नमुना २०२४ साली पुढे आला. फ्लोरिडाच्या केबलवरील नोंदींत १९८२ पासून प्रवाह हळूहळू घटताना दिसत होता. तपासणीअंती असे आढळले की घट प्रवाहात नसून हिशेबात होती. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र स्वतःच सावकाश बदलत असते, आणि अलीकडच्या वर्षांच्या गणितात ते धरलेच गेले नव्हते. दुरुस्तीनंतर फ्लोरिडाचा प्रवाह चाळीस वर्षे जवळपास स्थिर असल्याचे दिसले आणि रॅपिडच्या नोंदींतील अभिसरणाची घसरणही सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाली. कमी झाली, पण पूर्णपणे नाहीशी झाली नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे.

आपला संबंध

हे सारे अटलांटिकचे झाले. आपणास त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु पर्जन्याचा उष्णकटिबंधीय पट्टा दोन गोलार्धांतील उष्णतेच्या वाटणीप्रमाणे सरकत असतो. उत्तर अटलांटिकला पोचणारी उष्णता फार घटली तर हा पट्टा दक्षिणेकडे झुकतो आणि भारतावरील मोसमी पाऊस क्षीण होतो, असे हवामानाची गणिती प्रतिमाने दाखवितात. याला जुना पुरावाही आहे. अरबी समुद्राच्या तळातील गाळाच्या थरांवरून असे दिसून आले आहे की गेल्या हिमयुगात उत्तर अटलांटिक ज्या ज्या काळी थंडावला, त्या त्या काळी नैर्ऋत्य मोसमी वारे दुर्बळ झाले. ज्या राज्यातील बहुसंख्य शेती पावसाकडे डोळे लावून बसते, त्या राज्याला बहामा आणि मोरोक्को यांच्या दरम्यानच्या पाण्याचे वजन परके नाही.

आणि मोजमापाची परंपरा तर आपल्या दाराशीच आहे. हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय संशोधन मोहिमेतून १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे. दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून दर दहा दिवसांनी तापमान आणि क्षारतेचा तपशील उपग्रहामार्फत पाठविणारी सुमारे चार हजार तरती यंत्रे आज जगभरच्या समुद्रांत फिरत आहेत. त्या ‘आर्गो’ योजनेत भारतही सहभागी आहे.

याहून जुने उदाहरण अलिबागचे. मुंबईत कुलाबा येथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नियमित नोंदी १८४१ पासून होत असत. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या विद्युत्प्रवाहाने नोंदी बिघडणार हे ओळखून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी १९०४ साली हे काम अलिबागला हलविले. विशेष म्हणजे १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या. त्यामुळे जुनी मालिका आणि नवी मालिका यांचा सांधा बिनचूक जुळला. वेधशाळेची जागा बदलली, पण नोंदींचा धागा तुटला नाही. फ्लोरिडाच्या केबलची कथा वाचल्यावर या दक्षतेचे मोल अधिकच जाणवते.

अनिश्चितता आणि निश्चिंती

या साऱ्या हकीकतीतून दोन प्रकारचे लोक आपापल्या सोयीचे तात्पर्य काढतील. एक म्हणतील, शास्त्रज्ञांचे एकमत नाही, तेव्हा घाई कशाला? दुसरे म्हणतील, संकट दारात उभे आहे, आता मोजत बसण्यास वेळ कोठे आहे? दोघेही चुकत आहेत असे मला वाटते.

पहिल्यांना एवढेच विचारावेसे वाटते की, घराला आग लागण्याची खात्री झाल्यावरच विमा उतरविण्याची रीत कोठे आहे काय? नुकसान अपरंपार आणि ते भरून न येणारे असेल, तर त्याची शक्यता थोडी असली तरी तजवीज करावीच लागते. अनिश्चितता हे निश्चिंत राहण्याचे कारण होऊ शकत नाही. उलट ते सावध राहण्याचे कारण आहे. दुसऱ्यांना असे सांगावेसे वाटते की, पाच आकड्यांवर उभारलेली भीती सहाव्या आकड्याने ढासळते, आणि मग खरा इशारा येतो तेव्हा तो ऐकण्यास कोणी उरत नाही.

म्हणून सर्वांत निकडीची गोष्ट म्हणजे नोंदवहीत खंड पडू न देणे. हे काम रूक्ष आहे. त्यात उद्घाटन नाही, कोनशिला नाही, वर्षअखेरीस दाखविण्यासारखे यश नाही. रॅपिडला वीस वर्षे उलटून गेली, तरी हंगाम आणि आवर्तने वजा करून दीर्घकालीन प्रवृत्ती ठामपणे सांगण्यास आणखी वर्षे लागतील. अशा कामावरील खर्च काटकसरीच्या दिवसांत सर्वांत आधी कापला जातो. आणि नंतर कितीही पैसा ओतला, तरी चुकलेल्या वर्षाची नोंद विकत मिळत नाही. १९६५ च्या जानेवारीत त्या रेषेवर पाण्याचे वजन काय होते, हे आता कोणीही मोजू शकणार नाही.

हे समुद्राइतकेच समाजालाही लागू आहे. आपल्या देशात १८८१ पासून दर दहा वर्षांनी जनगणना होत आली. महायुद्धाच्या काळात, १९४१ सालीही, ती झाली. २०२१ ची मात्र ठरल्या वेळी झाली नाही. उशिराने होणारी मोजणी उपयोगी पडेलच, पण २०२१ चा रकाना कायमचा रिकामा राहिला. घरोघर हिंडून या नोंदी भरण्याचे काम ज्यांच्याकडे येते, त्या शिक्षकांना आणि कारकुनांना ते पुष्कळदा निरर्थक वाटते. १९५७ च्या ऑक्टोबरात अटलांटिकच्या लाटांवर डोलत बाटल्या वर ओढणाऱ्या खलाशांनाही कदाचित तसेच वाटले असेल. आपल्या आकड्यांवर पन्नास वर्षांनी जगभर वाद होईल, याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी ते नीट लिहून ठेवले, एवढेच.

माझ्यापुरते सांगावयाचे तर कालश्रेणीचा पाठ मी आजही त्याच पाच आकड्यांनी सुरू करतो. मात्र आता प्रत्येक वर्षापुढे महिना लिहितो आणि रेषा ओढण्यापूर्वी वर्गाला विचारतो, यात काही खटकते का? बहुतेक वर्षी मागच्या बाकावरून कोणी तरी उत्तर देते.